मागच्या सीटवरचा वारा

कपाटाचं दार सताड उघडं टाकून लाइनमन खालच्या कप्प्यात दोन्ही हात घालून बसला होता. एकेक कपडा बाहेर काढायचा, चिमटीत धरून चोळायचा, आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचा. त्याची बायको चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती.

“ही बनियन सुती. ही नको,” तो म्हणाला. “सुती कापड घाम पितं आणि पिऊन तिथंच बसून राहतं, न जाणाऱ्या पाहुण्यासारखं. ही बघ, लोकरीची. पातळ आहे. ही आतून घाल.”

“टोचते ती मला.”

“दहा मिनिटं टोचेल. मग तुझं लक्षसुद्धा जाणार नाही तिच्याकडे.”

“लग्नाच्या वेळी माझ्या आईनं तुमच्याबद्दल हेच सांगितलं होतं.”

तो हसला. तिनं दोन्ही कप पटकन खाली ठेवले, कारण हसताना त्याचे हात कुठं जातील याचा नेम नसे. आणि या घरात ते हसू बऱ्याच महिन्यांनी ऐकू आलं होतं.

चौतीस वर्षं तो विजेच्या खांबांवर चढला. मोहल्ल्यात त्याला नावानं कुणी ओळखत नव्हतं. सगळ्यांचा तो लाइनमन. वारा कुठून येतोय, त्यात पाणी किती, संध्याकाळपर्यंत तो वळणार की पडणार, हे त्याला खांबाच्या टोकावर समजलं नसतं तर तो निवृत्तीपर्यंत पोचलाच नसता. सुट्टीच्या दिवशी मात्र तो जमिनीवर यायचा आणि चार मित्रांबरोबर सायकलवरून लांब लांब भटकायचा. मग दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. पूर्ण नाही गेले. ज्याच्याकडे बघावं त्याच्यावर धुकं यायचं. कडा तेवढ्या शाबूत राहायच्या. “मला माणसाचं तोंड दिसत नाही, पण कान झकास दिसतात,” असं तो पहिले काही दिवस सगळ्यांना सांगायचा. नंतर सांगेनासा झाला. सायकल बोळातल्या खुंटीवर टांगली गेली आणि तिच्याखाली खुर्ची टाकून तो बसू लागला.

बायको एकोणतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्तीनंतरचे दोन महिने तिनं ती खुंटी आणि ती खुर्ची पाहिली. तिसऱ्या महिन्यात ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेली आणि दोन सायकलींची एक लांब जोडसायकल करून मिळेल का, असं तिनं विचारलं.

“मिळेल की,” सायकलवाला म्हणाला. “पुढं कोण बसणार?”

“मी.”

“तुम्हाला चालवता येते?”

“तयार व्हायला किती दिवस लागतील?”

“तीन आठवडे तरी.”

“तोवर येईल.”

आणि आली. दुपारी बस बाहेर गेल्या की डेपोचं पटांगण मोकळं व्हायचं. तिथं एका जुन्या सायकलवर ती शिकली. ड्युटी संपलेले ड्रायव्हर भिंतीला टेकून “पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा आहे!” असं ओरडायचे आणि हसून हसून एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. दोन्ही गुडघे फुटले. साठीला टेकलेल्या बाईचे गुडघे फुटले की बरे व्हायला वेळ लागतो, पण तीन आठवड्यांत ती न डगमगता पटांगणाला दहा फेऱ्या मारत होती.

जोडसायकल दारात आली तेव्हा लाइनमननं तिच्यावरून पुढपासून मागपर्यंत हात फिरवला. दोन सीट, दोन हँडल, चार पायडल. मागच्या सीटशी येऊन त्याचा हात थांबला.

“मी इथं?”

“आयुष्यभर मी मागं उभी राहून घंटी मारली आणि गाडी दुसऱ्यानं हाकली,” ती म्हणाली. “आता तुम्ही मागं बसून बघा कसं वाटतं.”

सहा आठवड्यांनी मित्रांची दरवर्षीची फेरी होती, दीपगृहापर्यंत. बत्तीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. तिथवर जायचं ठरलं, आणि तेव्हापासून कपड्यांचं खातं लाइनमननं आपल्याकडे घेतलं. कापडाला डोळे लागत नाहीत, असं त्याचं म्हणणं. उकाड्याचे कपडे वेगळे, पावसाचे वेगळे, थंडीचे वेगळे, असे ढीग त्यानं कपाटात लावले. आत गादी शिवलेली चड्डी त्यानं तिच्या हातात दिली, तेव्हा ती उलटसुलट करून बघत कंडक्टरबाई म्हणाली, “उशी नेसून हिंडायचं का आता मी?”

“तासाभरानं या उशीला दुवा देशील.”

त्याचा मुख्य नियम एकच होता. दारातून निघताना थोडं कुडकुडायला हवं. दारातच ऊब वाटली, तर दोन किलोमीटरवर भिजून चिंब होणार हे नक्की.

पहिल्या रविवारी सकाळी चांगलाच गारठा होता. दोघांनी नियमाप्रमाणे तंतोतंत सारखे कपडे घातले: आत पातळ लोकर, वर लांब बाह्यांची जर्सी, बस्स. कालव्याच्या कडेनं बारा किलोमीटर जाऊन ते परतले. दारात उतरल्यावर कंडक्टरबाईची बोटं ब्रेकवरून सुटेनात. तिचे दात वाजत होते. आणि मागून उतरलेला लाइनमन जर्सी पिळत होता.

“काय हे?” तो म्हणाला. “मला एवढा घाम कशानं आला, सांगू? एकटा ओढतोय म्हणून. तू नुसती हँडल धरून बसतेस.”

“मी बसते?”

“तुझे दात वाजतायत. पाय मारणाऱ्याचे दात वाजत नाहीत.”

“चोराच्या उलट्या बोंबा! चढावर कोण धापा टाकत होतं मग? सायकल?”

“ते मी. माझ्याच धापा ऐकल्यास तू.”

हा वाद पुढचे सहा दिवस पुरला. दळताना, निवडताना, दात घासताना तो मध्येच डोकं वर काढायचा. दुसऱ्या रविवारी लाइनमननं तिला एक बनियन वाढवून दिली, मेहेरबानी केल्यासारखी. तरी ती गारठलीच, आणि तो पुन्हा पाण्यातून काढल्यासारखा. आता तर त्याची खात्रीच पटली. मुलीचा फोन आला तेव्हा त्यानं तिला सांगितलं, “तुझी आई उत्तम ड्रायव्हर आहे. पेट्रोल मात्र माझं.”

तिसऱ्या रविवारी त्या दोघांना मागून सकाळची पहिली बस भेटली. बस पुढं निघून गेली तशी मागची एक खिडकी खाड्‌कन उघडली, आणि आतून पुढचं कुणीतरी “दार लावा हो, दार!” असं ओरडलं. कंडक्टरबाईचे पाय थांबले. थंडीच्या दिवसांतली पहिली बस. पुढं बसलेले दार लावा म्हणून ओरडायचे, मागं बसलेले खिडक्या उघडा म्हणून. एकोणतीस वर्षं तिला वाटत आलं होतं, की माणसाची जातच भांडकुदळ. ती एकटीच खुदखुदून हसायला लागली.

“काय झालं?” मागून आवाज आला. “पाय का थांबले? म्हणजे आता कबूलच केलंस.”

“अहो, तुम्हाला वारा लागतोय का?”

“लागणारच. सायकलवर बसलोय, कोनाड्यात नाही.”

“उजवा हात बाहेर काढा. लांब. माझ्या खांद्याच्याही पलीकडे न्या.”

त्यानं हात काढला. तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो दिसत होता: आधी मूठ, मग उघडलेला पंजा, वाऱ्यानं मागं रेटला जाणारा. बाही फडफडायला लागली. त्यानं हात आत घेतला. पुन्हा बाहेर काढला. पुन्हा आत.

“एवढा आहे?” त्यानं विचारलं.

“निघाल्यापासून.”

त्यानंतर घरापर्यंत त्यानं हात पुन्हा बाहेर काढला नाही. पाय मात्र मारत होता. पायडलांवरचा जोर तिला जाणवत होता. आपण वाद जिंकलो याचा आनंद व्हायला हवा होता, पण कालव्याच्या पुलापाशी येईपर्यंत तो विरून गेला. डोळे गेले तेव्हा वारा तरी होता. आता तिच्याच पाठीआड बसून तोही गेला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी लाइनमन कपाटाकडे गेला नाही. तो खुर्चीत बसून राहिला. तिनं कपाट उघडलं, थोडी आदळआपट केली, आणि विचारलं, “उद्या काय घालू मी?”

“तुला बरं वाटेल ते.”

“मला त्यातलं काय कळतंय? मी तिकिटं फाडणारी बाई.”

तिनं ढिगातून हाताला येईल ती बनियन ओढली आणि जोरात झटकली.

“ती सुती आहे,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“आवाजावरून. लोकर अशी फटफट करत नाही.”

ती तशीच बनियन हातात घेऊन उभी राहिली. तिला आवाजातला फरक मुळीच कळला नव्हता. खुर्ची करकरली. तो उठून आला, कपाटापुढं मांडी घालून बसला आणि ढीग चाचपू लागला. मग तो खाली बघतच म्हणाला, “आणि मी काय घालू?”

चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं हा प्रश्न तिला विचारला नव्हता. तिनं उगीच गंभीर चेहरा केला, जो त्याला दिसणार नव्हता, आणि त्याच्या शेजारी बसली.

त्या संध्याकाळी जुने ढीग मोडले आणि प्रत्येक हवेचे दोन ढीग झाले, एक पुढचा आणि एक मागचा. पुढच्यात वारा अडवणारं बिनबाह्यांचं जाकीट, हातमोजे, छातीवर जर्सीच्या आत सरकवायला घडी केलेलं वर्तमानपत्र. कागदातून वारा शिरत नाही, ही खांबावरची युक्ती होती. मागच्यात एकच पातळ जर्सी. तरी सावलीतून उन्हात, चढावरून उतारावर गेलं की काय, हा प्रश्न उरलाच. तेव्हा त्यानं तिचे लांब लोकरी मोजे मागून घेतले आणि कात्रीनं त्यांचे पंजे उडवले.

“अहो, माझे चांगले मोजे!”

“मोजे होते. आता सुट्या बाह्या. घालायला सायकल थांबवायला नको, काढायलाही नको.” त्यानं त्या दंडापर्यंत चढवल्या आणि हात फैलावून दाखवले. “कसा दिसतो?”

“टांगलेल्या मोज्यासारखा.”

हवा सांगायचं काम तिच्याकडे आलं. सुरुवातीला ती नुसतंच “गार आहे” किंवा “बरं आहे” म्हणायची, आणि तो वैतागायचा. गार म्हणजे कसं गार? कोरडं की ओलं? कानाला लागतं की नाकाला? हळूहळू ती शिकली. थांबे पुकारायची सवय होतीच. त्याच खड्या आवाजात ती पुकारू लागली. “पुढं झाडी, ओलं गार, डावीकडून! बाह्या वर!” “झाडी संपली, ऊन! बाह्या खाली!” रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मागून लाइनमन बाह्या वरखाली करायचा आणि अधूनमधून तिची परीक्षा घ्यायचा. चौथ्या रविवारी तिला थंडी वाजली नाही आणि त्याला घाम आला नाही. कोण जास्त पाय मारतं, हा वाद तेवढा चालू राहिला, कारण तो दोघांनाही सोडवत नव्हता.

दीपगृहाच्या फेरीच्या दिवशी सकाळी सहाला पाण्याच्या टाकीपाशी सगळे जमले. बेकरीवाला, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचा भाऊ. जोडसायकल दिसताच बेकरीवाल्यानं आपली सायकल भिंतीला टेकवली आणि लाइनमनला कडकडून मिठी मारली. दोन वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. काय बोलायचं हे न सुचल्यानं आला नव्हता, हे मिठीतच कळलं, आणि पुन्हा त्याबद्दल कुणी बोललं नाही.

“मोबाइलमध्ये पाहिलंय मी,” मग तो म्हणाला. “दिवसभर कोरडं. रेनकोटबिनकोट पिशवीच्या तळाशी टाका.”

जाताना वारा समोरून होता, समुद्रावरून येणारा, एकसारखा. कंडक्टरबाईनं छातीवर वर्तमानपत्र घातलं, हनुवटी खाली केली आणि सायकल हाकली. थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं, की बाकीचे चौघे एकेक करून जोडसायकलीच्या मागं येऊन रांगेत लागलेत.

“फुकटे!” लाइनमन मागं वळून ओरडला. “हिच्या आडोशाला फक्त मी बसायचं!”

नऊच्या सुमारास ते पोचले. दीपगृहाच्या पायथ्याशी बसून त्यांनी बेकरीतला पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. मास्तरांनी चित्र काढायला घेतलं आणि नेहमीप्रमाणे अर्धवट सोडलं. डॉक्टरीणबाईंनी कंडक्टरबाईला गादीच्या चड्डीबद्दल विचारलं, तेव्हा कंडक्टरबाईनं त्या उशीला मनापासून दुवा दिला.

दुपारी परत फिरले तेव्हा ऊन तापलं होतं. तिनं जाकीट काढलं, हातमोजे काढले, वर्तमानपत्र पिशवीत टाकलं. तरीही पाच किलोमीटरवर ती घामानं निथळायला लागली. हवा जणू मरून पडली होती. हँडलला बांधलेला रुमाल हलत नव्हता. बाकीचे चौघे गप्पा मारत बरेच पुढं गेले होते.

“काही पुकारत नाहीस?” मागून लाइनमन म्हणाला.

“काय पुकारू? वाराच नाही.”

“आहे.”

“कुठं?”

“माझ्याकडे.”

तिनं मागं पाहिलं. त्याची जर्सी पाठीवर घट्ट चिकटली होती आणि पुढं पोटावर फुगली होती. पांढरे केस कपाळावर उडत होते. वारा मागून येत होता आणि येता येता त्याच्यापाशी अडत होता. तो ताठ बसला होता, इतका ताठ की सायकल किंचित हलकी वाटत होती, आणि त्याचा चेहरा सगळा उजळला होता.

“गंमत आहे की नाही?” तो म्हणाला. एकदा त्यानं मान डावीकडे कलती केली. एकदा कॉलर ओढून मान उघडी केली. “अगं,” तो जरा हळू म्हणाला, “मघाशी कोरडा होता. आता त्यात पाणी आहे.”

“कशात?”

“वाऱ्यात. मानेला कळतंय. अर्ध्या तासात येईल. फार तर चाळीस मिनिटं.”

तिनं पुन्हा वळून बघितलं. घासलेल्या ताटासारखं लख्ख आकाश, समुद्राच्या टोकापर्यंत. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत तिनं कुणाच्या नुसत्या शब्दावर भरवसा ठेवला नव्हता. तिकीट बघितल्याशिवाय पुढं सरकायची नाही. तिनं ब्रेक दाबले, एक पाय खाली टेकवला आणि पिशवीच्या तळातून दोन्ही पिवळे रेनकोट ओढून काढले.

“मी आपला अंदाज म्हणून म्हणालो,” तो म्हणाला.

“हात वर करा.”

“उकडेल तुला.”

“उकडू दे. दुसरा हात.”

घाटाच्या चढावर त्यांनी बाकीच्यांना गाठलं. मागून वाऱ्याची रेटारेटी होती, चार पाय होते; जोडसायकल त्या चौघांच्या शेजारून सणसणत गेली. रणरणत्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेले दोन पिवळे रेनकोट बघून आधी डॉक्टरीणबाईंना हसू आलं, मग सगळ्यांनाच.

“अहो लाइनमन,” बेकरीवाला ओरडला, “सायकलवर निघालात की होडीत?”

लाइनमननं फक्त हात वर केला. त्यांचं हसणं पुढच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिलं, आणि मग एकदम येईनासं झालं.

“काय झालं?” त्यानं विचारलं. “गप्प का झाले?”

वरच्या वळणावर वेग थोडा कमी करून तिनं कठड्यावरून खाली पाहिलं.

“बेकरीवाला उतरलाय,” ती म्हणाली.

“पंक्चर?”

“नाही. पिशवीच्या तळाशी हात घालतोय.”

“आणि बाकीचे?”

“मास्तर आकाशाकडे बघतायत. बाई त्यांना काहीतरी सांगतायत.” तिनं मान आणखी लांब केली. “आता तेही उतरले.”

मागं रेनकोट वाऱ्यानं भरून फडफडत होता. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, निदान पेट्रोलबद्दल तरी. त्याऐवजी पायडलांवरचा जोर वाढला. वर ढगाचा एक ठिपकाही नव्हता. चढ संपला, आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवून हलकेच ढकलावं तशी सायकल उताराला लागली.